दोरा बांधलेलं बूच

१ जानेवारी १९७९, सोमवार

सुताच्या व्यापाऱ्यानं मालकांना तीन डायऱ्या दिल्या. एक मालकांनी ठेवली, दुसरी त्यांच्या मेव्हण्याला गेली, तिसरीवर चहा सांडला म्हणून ती माझ्याकडं आली. डाग नेमका आजच्याच पानावर आहे. म्हणजे वर्षाची सुरुवात डागानं झाली, पण डाग माझा नव्हे, एवढं आधीच लिहून ठेवतो.

या वहीत खरं तेच लिहायचं असं ठरवलंय. नाव हिंदुराव. गाव मंद्रूप, बिऱ्हाड मुरारजी पेठेत. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत साठ मागांचा चादरीचा कारखाना आहे, तिथं मी टाईमकीपर. कोण किती वाजता आला ते लिहायचं आणि वेळेवर भोंगा वाजवायचा. नाव ऐकून वाटावं की कमरेला तलवार असेल. प्रत्यक्षात मांजर आडवं आलं तर मी थांबून मांजराला आधी जाऊ देतो.

मला सायकल येत नाही. सहावीत एकदा पडलो तेव्हापासून तो विषय बंद. नोकरीला लागलो त्या आठवड्यात तीन दिवस चालत गेलो आणि तिन्ही दिवस उशीर झाला. मालक म्हणाले, टाईमकीपरलाच टाईम सांगायची पाळी आली तर दुसरा बघू. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या हुसेनसाबांची, सायकल आमच्या गल्लीतच दिसली. हँडलला दुधाची किटली. आमच्या कोपऱ्यावरच्या गवळ्याचं दूध चांगलं, शेडातल्या चहाला रोज इथूनच नेतो, म्हणाले, बसा मागं. योगायोग बघा. त्याला आता अकरा वर्षं झाली. रोज सकाळी किटली खडखडत गल्लीत शिरते आणि मी चपला घालतो. संध्याकाळी सुताच्या टेंपोतून परत येतो. ते वाटेवरूनच जातात, त्यामुळं उपकाराचा प्रश्न येत नाही.

४ जानेवारी, गुरुवार

आज जेवणाच्या सुट्टीत हुसेनसाबांनी माझ्या तीन सोंगट्या मारल्या.

कांडी भरायच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खोलीसमोर व्हरांडा आहे. तो बांधला तेव्हा ओल्या सिमेंटवर कुणीतरी खिळ्यानं चौकाबाऱ्याची पंचवीस घरं आखली. मालक ओरडले, पण सिमेंट वाळलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी भाकरी खाऊन आम्ही चौघं चार बाजूंना बसतो आणि बाकीचे उभे राहून शहाणपण शिकवतात. चार अर्धे चिंचोके टाकायचे, जेवढे पांढरे पडतील तेवढी घरं चालायचं. बाहेरून पूर्ण फेरी मारायची, मग आतल्या घरांत शिरायचं, मग मधल्या घरात पोचायचं. फुलीच्या घरावर धोका नाही. बाकी कुठंही दुसऱ्याची सोंगटी आपल्या घरावर येऊन बसली की आपली मेली, परत पहिल्यापासून.

सोंगट्या ज्याच्या त्याच्या. हुसेनसाबांचे लोखंडी नट. मडिवाळप्पा विणकर मैंदर्गीचा, त्याच्या सुपाऱ्या. कांड्या भरणाऱ्या बजाबाईंचे बांगड्यांचे तुकडे. माझी शाईच्या बाटल्यांची चार बुचं. नट येऊन आदळला की बूच उडून पार नळापर्यंत जातं आणि ते आणायला मलाच उठावं लागतं.

एक नियम मात्र जुना आणि मोठा वाईट. निदान एक तोड केल्याशिवाय, म्हणजे दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, आत शिरता येत नाही. आणि मला मारवत नाही. संधी येते, चिंचोके बरोबर पडतात, समोर सोंगटी असते, आणि मी दुसरंच बूच पुढं सरकवतो. दया येते. अकरा वर्षांत माझं एकही बूच आत गेलेलं नाही. मी बाहेरच्या बाहेर फिरतो, मरतो, परत फिरतो.

आज हुसेनसाब म्हणाले, “हिंदुराव, तुमी खेळताय का देवळाला प्रदक्षिणा घालताय?”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं.

९ जानेवारी, मंगळवार

युक्ती सुचली आणि लगेच मांडलीही. इतका धीर मला लग्नातही झाला नव्हता.

ज्याला मारामारी नको त्यानं आपल्या सोंगटीला पांढरा दोरा बांधायचा. दोऱ्याची सोंगटी कुणी मारायची नाही, तिनंही कुणाला मारायचं नाही. मात्र तिला तोडीशिवाय आत जाता येईल. ज्यांना मारायचं त्यांनी बिनदोऱ्यांनी एकमेकांना खुशाल मारावं. पट एकच, दोन्ही जातीचे लोक सुखानं राहतील. दोऱ्याला इथं तोटा नाही.

बजाबाई पटकन हो म्हणाल्या. मडिवाळप्पा सोंगटी मारली की मांडीवर थाप मारून ओरडतो, त्यानं त्यांचं डोकं दुखतं. मडिवाळप्पा नाही म्हणाला. मग मी सहज बोलून गेलो की भोंगा माझ्या हातात आहे, खेळ शांततेनं चालला तर दोनतीन मिनिटं इकडंतिकडं होऊ शकतात. मडिवाळप्पा हो म्हणाला. याला कुणी लाच म्हणेल. मी समजूत म्हणतो.

हुसेनसाब तेवढे हो म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, “मारना नै तो सामने बैठना कायकू? हात जोडून भजनच करू की.” पण खेळले.

१० जानेवारी, बुधवार

जिंकलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चारही बुचं दोऱ्यासकट मधल्या घरात. येताना पावशेर फरसाण घेऊन आलो आणि बायकोला, रंभाला, सांगितलं. ती म्हणाली, “कुणाला हरवलं?” मी म्हणालो, “तसं कुणाला नाही.” ती पिठाचा डबा काढायला आत गेली.

हुसेनसाबांनीही हेच विचारलं होतं. “मुबारक हो. कुणाशी खेळून जिंकलात?” या लोकांना शांततेतला आनंद कळत नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

मडिवाळप्पानं आज दोन सोंगट्या मारल्या आणि तिसरा कुणी आपल्यावर येतोय असं दिसताच खिशातून दोरा काढून आपल्या सुपारीला बांधला. वर म्हणाला, “आता मी शांत झालो, यप्पा.” धोका टळल्यावर दोरा सोडला आणि बजाबाईंची दोरा बांधायची राहिलेली बांगडी मारली.

बजाबाई संतापल्या. म्हणाल्या, “शेडातला कोरा चहा पिऊन आदीच पित्त झालंय, त्यात ह्यो बैल.”

मी नवे नियम केले. दोरा खेळाच्या सुरुवातीलाच बांधायचा, मध्ये नाही. आणि सगळ्यांच्या सोंगट्यांना बजाबाईच बांधतील, म्हणजे लबाडीला जागा नको. त्या कांडीवाल्या. तुटलेलं सूत जोडायची विणकराची गाठ एका हातानं डोळ्याचं पातं लवायच्या आत मारतात. मला ती अजून जमत नाही, माझी गाठ दोन्ही हात आणि दात लावून होते. नियम मी मस्टरच्या मागच्या पानावर लिहिले. आठ झाले.

उद्यापासून गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी. तिथं सगळे भेटतीलच, पण पट नसेल. मला आत्तापासूनच चुकल्यासारखं होतंय. माणूस सत्तेला फार लवकर सरावतो.

१८ जानेवारी, गुरुवार

नियम आता एकोणीस.

दोऱ्याच्या सोंगटीवर कुणी बसू शकत नाही, याचा एक फायदा माझ्या आज लक्षात आला. माझी दोन बुचं हुसेनसाबांच्या नटांसमोर नेऊन ठेवली आणि तिथंच ठेवली. चाल आली की तिसरंच बूच हलवायचं. त्यांच्या हाती पडेल त्या आकड्यावर माझं बूच बसलेलं, नट जागचे हलेनात. मी कुणालाच मारलं नाही. नुसता बसलो.

हुसेनसाब म्हणाले, “हिंदुराव, ये शांती है या नाकाबंदी?”

नियम क्रमांक सात दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला, मस्टर परत दिलं आणि चिंचोके मडिवाळप्पाकडं सरकवले. चांगल्या व्यवस्थेत तक्रारीला जागा राहत नाही. आज भोंगा चार मिनिटं उशिरा वाजवला.

२३ जानेवारी, मंगळवार

आज थोडं झालं. लिहायलाच हवं असं नाही, पण खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

बजाबाईंना कांड्यांची घाई होती. त्यांनी माझ्या तीन बुचांना दोरे बांधले आणि हाक आली म्हणून आत गेल्या. चौथं तसंच राहिलं. मी म्हणालो, असू दे, बघू. खेळ रंगला. तेच चौथं बूच फेरी पूर्ण करून आत वळायच्या शेवटच्या घरात होतं. आणखी एक चाल आणि मी आत. हुसेनसाबांना चौक पडला. त्यांचा नट बरोबर चार घरं मागं होता. त्यांनी तो उचलला आणि हलक्या हातानं माझ्या बुचाशेजारी ठेवला. उडवलंसुद्धा नाही. म्हणाले, “तोड.”

मी म्हणालो, “दोरा आहे.”

आणि बुचावर पंजा ठेवला. बूच उचलून मांडीखाली नेलं. तिथं चादरीची एक दशी पडली होती. ती एका हातानं गुंडाळली, गाठ मारली, वर काढून दाखवलं. दोरा होता. म्हणजे बांधायचं मनात होतंच, फक्त व्हायचं राहिलं होतं. वीस जण बघत उभे होते, कुणी काही बोललं नाही, म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

बजाबाई तेवढ्यात बाहेर आल्या होत्या. त्यांनी बूच हातात घेतलं, फिरवून गाठ पाहिली आणि खाली ठेवलं. त्यांना दोरा बरा वाटला असावा.

हुसेनसाबांनी बुचाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मग नट उचलला, बोटानं मोजत चार घरं मागं नेऊन ठेवला आणि “माग बघायचाय” म्हणून उठून गेले. खेळ तिथंच थांबला. नियमानं बघितलं तर मी जिंकलो.

भाकरी गेली नाही. वांगं बादीचं असतं.

२४ जानेवारी, बुधवार

किटली खडखडली नाही.

सव्वासातपर्यंत दारात उभा होतो, मग चालायला लागलो. कारखान्यात पोचायला आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली. भोंगा आठाच्या ठोक्याला वाजला होता. हुसेनसाबनं वाजवला. मस्टरवर सगळ्यांच्या वेळा त्यानंच लिहिल्या होत्या, मोठ्या वळणदार आकड्यांत. माझ्या नावापुढची जागा तेवढी मोकळी ठेवली होती.

मी तिथं ‘८.००’ लिहिलं.

आजपासून या वहीत त्याला ‘अहोजाहो’ करायचं नाही, असं ठरवलंय. एका खेळातल्या खेळात माणूस दूध आणायचं सोडून देतो म्हणजे काय?

२५ जानेवारी, गुरुवार

चालत. ‘८.००’ लिहिलं. प्रत्यक्षात साडेआठ. टाचेला फोड.

२९ जानेवारी, सोमवार

मालकांनी बोलावलं. म्हणाले, हिंदुराव, भोंगा तुम्ही वाजवायचा का जॉबरनं? मी म्हणालो, पायाला लागलंय. ते म्हणाले, मग पाय बरा होईपर्यंत हुसेनसाबलाच टाईमकीपर करू का? हसत म्हणाले, पण मालक हसतात तेव्हा जास्त ऐकावं लागतं. मला मुदत दिलीय, फेब्रुवारीच्या दहापर्यंत. त्यानंतर दुसरा माणूस.

म्हणजे माझी नोकरी आता एका दुधाच्या किटलीवर येऊन टेकली आहे. एवढं शिकलेला माणूस मी, मॅट्रिक.

पट चालू आहे, पण हुसेनसाब येत नाही. शेडात मागाजवळ बसून डबा खातो. त्याच्या जागी कुणीतरी बसतं. आता सगळेच दोरे बांधतात, कारण मारायला कुणी उरलं नाही. मडिवाळप्पासुद्धा. कुणीही कुणाला मारत नाही, चौघं आपापल्या सोंगट्या ढकलत मधल्या घरात नेतो आणि बसतो. बघायला उभी राहणारी माणसं आता भिंतीला टेकून झोप काढतात. आज मडिवाळप्पाला स्वतःच्या चालीत जांभई आली. मी हवी तशी शांतता मिळवली आहे आणि माझ्याही पापण्या मिटत होत्या.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना रंभाला सगळं सांगितलं. म्हणजे दोऱ्याचं सोडून सगळं. म्हणालो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मी कुणाला एका शब्दानं दुखवत नाही, खेळातसुद्धा कुणाला मारत नाही, दया येते.

रंभा भाकरी थापत म्हणाली, “दया न्हाय ती. तुमी एक मारली की समोरचा तुमचीच हेरून मारंल, म्हणून भ्या वाटतंय तुमास्नी.”

मी म्हणालो, “तू कधी बघितलंस मला खेळताना?”

“सासू अन् जावंसंगं तुमी कसं वागता त्ये ईस वर्सं बघतीया की. कुनाला एक शब्द बोलत न्हाईसा, अन् मग मागनं दोन दोन दिस फुगून बसता.”

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, की हुसेनसाबनं तरी दूध नेणं का थांबवावं? शेडातल्या चहाचं काय?

तिनं थापणं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं. “अवो, कसलं दूद?”

“किटलीतलं. रोज भरून न्यायचा ना. गल्लीत शिरला की खडखडायची.”

“भरलेली किटली खडखडती व्हय?”

तिनं परत थापायला घेतलं. म्हणाली, “अकरा वर्सं रिकामी किटली वाजवत येतोय त्यो मानूस. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय अन् लाज वाटती म्हनून बोलत न्हाईसा.”

मग बजाबाईंचा कोरा चहा आठवला. मी तो वहीत लिहिला आहे, बारा तारखेला, माझ्याच हातानं.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी कामाला जायच्या आधी तासभर लवकर निघालो. हुसेनसाबांचं घर कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. ईदेचा शीरखुर्मा अकरा वर्षं त्यांनीच डब्यातून आणून दिला, त्यामुळं जायची वेळ आली नाही. रस्त्यावर विचारत गेलो. अक्कलकोट रोडला, कारखान्यापासून भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर त्यांचं घर आहे. दारात म्हैस बांधलेली होती. चांगली काळीभोर, नुकतीच व्यायलेली.

त्यांच्या पत्नी रशीदाभाभी पाणी घेऊन बाहेर आल्या. हुसेनसाब आधीच कारखान्यात गेले होते. मी म्हैस बघत उभा राहिलो, तर त्या म्हणाल्या, “दूद होना क्या, भाई? घर का है.”

मी विचारलं, “मग हे मुरारजी पेठेत कशाला यायचे?”

त्यांना हसू आलं. “मैं बी यैच पुछी. अंधारे में उठको उलटे रस्ते सायकल मारते कायकू? तो बोले, उने नै आया तो भोंगा कौन बजाएंगा.” मग म्हणाल्या, “अब कुछ दिनां से नै जाते. सुबू उठको बैठ्ते, किटली धोते, परत खुंटी कू लटकाते.”

पाणी प्यालो. पेला परत दिला.

कारखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. भोंगा मीच वाजवला. मग मस्टर काढलं आणि चोवीस तारखेपासूनचे माझे सगळे ‘८.००’ खोडून खरे आकडे लिहिले. माझ्या नावाची ओळ फार घाण दिसते आहे. त्यांच्याशी बोलायला शेडापर्यंत गेलो आणि माग फार आवाज करत होते म्हणून परत आलो. हे खोटं आहे. मागाच्या आवाजातही बोलता येतं, तिथं सगळे बोलतात.

४ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर घरात बसून बोलायचं काय याची तयारी केली. तीन वेळा लिहून काढलं. तिन्ही वेळा दुसऱ्याच ओळीत मी निर्दोष निघालो. कागद बंबात घातले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

काल जमलं नाही. आज जेवणाच्या सुट्टीत पटावर बसलो तेव्हा बजाबाई दोरे घेऊन आल्या. मी म्हणालो, नको. खिशातून ब्लेड काढलं आणि चारही बुचांचे जुने दोरे कापले. मग उभा राहिलो. शेडाचं दार उघडं होतं, आत हुसेनसाब डबा उघडत होते.

मी मोठ्यानं म्हणालो, “तेवीस तारखेला माझ्या बुचाला दोरा नव्हता. मी मांडीखाली बांधला. हुसेनसाबांची तोड खरी होती. मी खोटं बोललो.”

मला वाटलं होतं, मोठा गलका होईल. मडिवाळप्पा भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला, “ते आमाला तवाच कळ्ळं की.”

“कसं?”

बजाबाई म्हणाल्या, “माजी गाट अन् तुमची गाट एक हाय व्हय? शेंबड्या पोरानं चड्डीची नाडी बांदावी तशी गाट. साठ मागाच्या कारकान्यात बसून कुनाला फसवताय, भाऊ?”

वीस जणांनी तेव्हा ती गाठ बघितली होती. सूत जोडून पोट भरणारी माणसं. आणि मी वहीत लिहिलंय, कुणाच्या लक्षात आलं नसावं. दोन आठवडे या सगळ्यांनी मला रोज ‘राम राम टायमकीपर’ म्हणायचं चालू ठेवलं. मला भुईत जावंसं वाटलं, पण सिमेंट वाळलेलं होतं.

हुसेनसाब आले. डब्याचं झाकण लावून आले. आपल्या बाजूला बसले, खिशातून चार नट काढले. ते खिशातच होते. म्हणाले, “नियम किती झाले आता?”

मी मस्टरचं मागचं पान फाडून त्यांना दिलं. त्यांनी त्यावर हात पुसले.

खेळ सुरू झाला. पहिल्याच फेरीत मडिवाळप्पानं माझं एक बूच नळापर्यंत उडवलं आणि मांडीवर थाप मारली, भिंतीला टेकलेले लोक उठून उभे राहिले. ते बूच आणायला गेलो. परत आलो तेव्हा चिंचोके माझ्याकडं होते. टाकले. तीन पडले. माझ्या दुसऱ्या बुचाच्या बरोबर तीन घरं पुढं हुसेनसाबांचा नट होता, फुलीच्या बाहेर, उघडा.

हाताला सवयीनं तिसरं बूच उचलायचं होतं. रंभाचं बोलणं खरं होतं. मला त्या नटाची दया येत नव्हती. मारला तर समोरचा माणूस रागानं माझ्याकडं बघेल, मग पुढं काय, एवढीच भीती होती, आणि ती अकरा वर्षं मी दया म्हणून मिरवली. आणि ज्याच्या रागाची एवढी भीती घेऊन बसलो होतो, तो माणूस पहाटे उठून रिकामी किटली घेऊन उलट्या दिशेला पाच किलोमीटर यायचा.

दुसरं बूच उचललं. एक, दोन, तीन. नटाला टेकवलं. बूच हलकं, नट काही उडाला नाही. मलाच तो उचलून त्यांच्या हातात द्यावा लागला. म्हणालो, “तोड.” आवाज नीट आला नाही, म्हणून परत म्हणालो.

हुसेनसाबांनी तळहातावरचा नट फिरवून पाहिला. मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं. म्हणाले, “ग्यारा साल लगे, हिंदुराव.”

मग मी आत शिरलो. आतली घरं बाहेरच्यासारखीच आहेत, विशेष काही नाही. पण तोड करून मी तिथं कधी गेलो नव्हतो. दोन चालींनी त्यांच्या दुसऱ्या नटानं मला आत येऊन मारलं, इतक्या जोरात की बूच कांडीच्या खोलीत गेलं. सगळे ओरडले. मीही ओरडलो. भोंगा वेळेवर वाजवला, कारण हुसेनसाब घड्याळाकडं बोट दाखवून उभे होते.

संध्याकाळी ते सायकलवर गेले, मी टेंपोत बसलो.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सहापासून कान गल्लीकडं लावून बसलो. पावणेसात, सात. खडखड नाही. रंभा म्हणाली, अजून वेळ हाय. सव्वासात झाले. म्हणालो, माफी मागितली म्हणजे माणसानं लगेच सायकल काढावी असं थोडंच आहे, दहा तारखेपर्यंत चालत जाऊ, मग मंद्रूपला जाऊन ज्वारी राखू. चपला घातल्या.

रंभा म्हणाली, “दार उगडून तरी बघा.”

हुसेनसाब पायरीशी सायकल धरून उभे होते. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. हँडलला किटली नव्हती.

मी म्हणालो, “दूध?”

“घर में म्हैस है ना,” ते म्हणाले. “बसा मागं.”

बसलो. रंभानं दारातून डबा दिला, आज दोन माणसांचा होता. चढाला मी उतरून चालायला लागलो तर म्हणाले, बसा, वजन काय नवं आहे का.

मस्टरवर माझ्या नावापुढं ७.५० लिहिलं. खरं.

दुपारी त्यांनी माझी चारही बुचं मारली.